नोकरीसाठी स्पॅनिश: परदेशात शिकायला कधी जायचं, कुठे जायचं आणि परत येताना हातात काय असायला हवं

सुरुवातीलाच सांगून टाकतो, शून्यावरून स्पॅनिश शिकायला विमानात बसू नका. भाषेच्या लेव्हल ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२ अशा चढत जातात, त्यातल्या ए१ आणि ए२ या पहिल्या दोन लेव्हल जगात कुठेही बसून होतात, क्रियापदांची रूपं, आकडे, घड्याळ, भूतकाळाचे दोन प्रकार, हे सगळं माद्रिदला जाऊन पाठ केलं तरी तेवढाच वेळ लागतो, फक्त खर्च कितीतरी पट होतो. परदेशात राहण्याचा खरा फायदा सुरू होतो बी१च्या आसपास, कारण तिथून बी२ गाठायचं म्हणजे समोरचा माणूस भरभर बोलतोय, मधेच वाक्य तोडतोय, आणि तरी तुम्हाला समजतंय आणि उत्तरही देता येतंय, आणि ते पुस्तकातून येत नाही. नोकरी देणारे बहुतेक ठिकाणी मागतात ते बी२च किंवा त्याच्या वरचं. म्हणून माझ्या मते सगळा पैसा आणि सगळे महिने याच पट्ट्यात घालावेत.

आता एकेक पायरी बघू.

पहिलं काम: नोकरीच्या जाहिराती वाचा, शाळांचे ब्रोशर नंतर

बरेचजण उलटं करतात, आधी बार्सिलोना ठरतं, मग शाळा, मग परत आल्यावर विचार की आता याचं करायचं काय. तुम्ही आधी दोन-तीन आठवडे जॉब पोर्टलवर फक्त स्पॅनिशच्या जाहिराती वाचा आणि एका शीटमध्ये लिहून काढा: काम काय, लेव्हल कोणती मागितलीय, सर्टिफिकेट मागितलंय का, आणि भाषेशिवाय आणखी काय येणं अपेक्षित आहे. हा शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा. कस्टमर सपोर्ट, इन्शुरन्स क्लेम्स, बँकेचं बॅक ऑफिस, शिपिंग आणि लॉजिस्टिक्स, औषध कंपन्यांमधले साइड इफेक्टचे रिपोर्ट तपासणं, कंटेंट मॉडरेशन, सॉफ्टवेअरचं लोकलायझेशन, टुरिझम, शिकवणं, स्पॅनिशवाल्यांना अशा सगळ्या ठिकाणी मागणी असते, पण नुसत्या भाषेवर मिळणारी कामं त्यातली थोडी, आणि त्यांचा पगार एका मर्यादेनंतर अडकतो. कॉमर्स करून स्पॅनिश येणारा माणूस, फार्मसी करून स्पॅनिश येणारी मुलगी, यांची गोष्ट वेगळी असते. म्हणजे तुमची डिग्री बाजूला ठेवून भाषेकडे वळायचं नाहीये, डिग्रीला भाषा जोडायचीय.

आणि काम कोणतं त्यावर काय शिकायचं तेही बदलतं. फोनवरचं काम असेल तर ऐकणं आणि बोलणं पक्कं हवं, थोडी व्याकरणाची चूक चालून जाते. ट्रान्सलेशन करायचं असेल तर सी१च्या खाली कोणी उभं करत नाही, आणि ट्रान्सलेटर साधारणपणे परभाषेतून आपल्या भाषेत काम करतो, त्यामुळे तुमची स्वतःची लिहायची भाषाही तेवढीच धारदार लागते. अमेरिकन मार्केटसाठी काम करायचंय की स्पेनसाठी, हेही इथेच ठरवा. अमेरिकेत चार कोटींहून जास्त लोक घरात स्पॅनिश बोलतात आणि त्यातली मोठी संख्या मेक्सिकन मुळाची, तिथल्या ग्राहकाशी बोलायचं असेल तर मेक्सिको किंवा कोलंबियात घालवलेले महिने जास्त कामाला येतात.

तासांचा हिशोब, जो ब्रोशरमध्ये नसतो

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची जी भाषा शिकवणारी संस्था आहे ती इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश कामापुरती पक्की व्हायला साधारण ६०० ते ७५० तास वर्गात लागतात असं धरते, घरचा अभ्यास वेगळा. आता शाळेचा चार आठवड्यांचा इंटेन्सिव्ह कोर्स बघा: आठवड्याला २० लेसन, म्हणजे चार आठवड्यांत ८०. त्यातही बारीक अक्षरात बघा की लेसन किती मिनिटांचा, कारण ४५ मिनिटांचा असेल तर ८० लेसन म्हणजे प्रत्यक्ष ६० तासच झाले. एका महिन्यात फ्लुएंट वगैरे जे लिहिलेलं असतं ते सोडून द्या.

जमणारा प्लॅन साधारण असा: कॉलेज चालू असतानाच ए१ आणि ए२ संपवायचं, शेवटच्या वर्षात ऑनलाइन शिक्षकाबरोबर बी१ अर्धं तरी गाठायचं, आणि मग ग्रॅज्युएशननंतर तीन ते सहा महिने बाहेर. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ असेल तर जाऊ नका असं नाही, पण मग बी२ हातात घेऊनच परत येऊ ही अपेक्षा ठेवू नका. कॉलेजचाच एक्सचेंज प्रोग्रॅम असेल, युरोपचा इरॅस्मस किंवा दुसरा कुठला, तर तो आधी बघा, कारण फी बऱ्याचदा आपल्याच कॉलेजात भरायची असते आणि क्रेडिट पण मिळतात.

देश आणि शहर

स्पॅनिश वीस देशांत अधिकृत भाषा आहे, पर्याय भरपूर आहेत, आणि सगळीकडची स्पॅनिश सारखी नाही.

स्पेनमध्ये भाषेसाठी माझी पसंती मधल्या आकाराच्या विद्यार्थी-शहरांना. सालामांकाचं विद्यापीठ १२१८ पासूनचं आहे, परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवणं हा तिथला मोठा उद्योग आहे, उच्चार स्वच्छ आणि गावात सगळीकडे पायी जाता येतं. फक्त उन्हाळ्यात तिथे परदेशी विद्यार्थी एवढे असतात की रस्त्यावर इंग्रजीच जास्त ऐकू येते, तेव्हा ऑक्टोबर ते मे बघा. वायादोलिदही तसंच, पण गर्दी कमी. ग्रानादा स्वस्त आणि तरुण लोकांनी भरलेलं, पण तिथले लोक शब्दाच्या शेवटचा स खाऊन टाकतात, पहिले पंधरा दिवस काही कळत नाही, मात्र एकदा कान बसला की बाकी स्पेन सोपं वाटायला लागतं. बार्सिलोना सुंदर आहे त्यात वादच नाही, पण तिथे शाळा, सरकारी कागद, शेजाऱ्यांच्या गप्पा यात कातालान भाषा असते, आणि टुरिस्ट एवढे की दुकानदार तुमचा चेहरा बघून इंग्रजीत सुरू करतो. फक्त भाषेसाठी जायचं असेल तर मी तरी बार्सिलोना निवडणार नाही.

लॅटिन अमेरिकेत ग्वातेमालाची पद्धत मला सगळ्यात आवडते. तिथे अँटिग्वा आणि केत्साल्तेनांगो, ज्याला सगळे शेला म्हणतात, या दोन गावांत एकास एक शिकवायची पद्धत आहे. एक छोटं टेबल, समोर शिक्षक, वही-पेन, आणि रोज चार-पाच तास फक्त तुम्ही दोघं. मागच्या बाकावर लपायला जागाच नाही, दोन तासांनी डोकं जड होतं, पण वर्गात महिनाभरात जेवढं तोंड उघडता तेवढं इथे दोन-तीन दिवसांत उघडावं लागतं. अँटिग्वात परदेशी लोक खूप, शेलात कमी, पण शेला उंचावर आहे, साधारण २,३०० मीटर, रात्री चांगलीच थंडी असते. एक्वाडोरमधलं कितो आणि पेरूमधलं कुस्को तर त्याहून उंच, पहिले काही दिवस दम लागतो, क्लास पहिल्याच दिवसापासून लावू नका.

कोलंबियात बोगोताची स्पॅनिश स्पष्ट आणि जरा सावकाश मानली जाते, आणि तिथे मित्रामित्रांतही उस्तेद, म्हणजे आदरार्थी रूप, सर्रास वापरतात. हे नोकरीच्या दृष्टीने सोनं आहे कारण ग्राहकाशी बोलताना तेच रूप लागतं. स्पेनमध्ये लोक लगेच तू वर येतात, त्यामुळे तिथून शिकून आलेल्यांची उस्तेदची क्रियापदं कच्ची राहतात. मेक्सिको सिटीत ऊनाम विद्यापीठाचं परदेशी लोकांसाठीचं केंद्र १९२१ पासून चालू आहे, विद्यापीठाचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट हवं असेल तर ते बघा, शांत जागा हवी असेल तर ग्वानाहुआतो किंवा वाहाका. ब्वेनोस आयरेस शहर म्हणून अफलातून, पण तिथली रूपं वेगळी, तू ऐवजी व्होस, आणि दोन एलचा उच्चार श सारखा. ती शिकून बिघडत काही नाही, फक्त नंतर कान परत फिरवावा लागतो. चिलेची स्पॅनिश मात्र सुरुवातीच्या लोकांनी टाळलेलीच बरी, भयंकर वेगात बोलतात.

शाळा निवडताना काय विचारायचं

वेबसाइटवरचे हसरे फोटो सोडा आणि मेल टाकून सरळ चार गोष्टी विचारा. वर्गात जास्तीत जास्त किती मुलं, आठाच्या वर असतील तर बोलायला मिळत नाही. माझ्या लेव्हलचा वर्ग त्या महिन्यात नक्की भरणार आहे का, कारण बी२ आणि सी१ला ऑफ सीझनमध्ये विद्यार्थीच नसतात आणि मग तुम्हाला बी१मध्ये बसवतात किंवा तासच कमी करतात. शिक्षक किती दिवसांनी बदलतो. आणि डेले या स्पॅनिशच्या सरकारी परीक्षेची तयारी किंवा बिझनेस स्पॅनिश वेगळी असते का. उत्तर यायला आठवडा लागला किंवा उत्तरात फक्त पैसे कुठे भरायचे एवढंच असलं तर पुढची शाळा बघा.

स्पेनमध्ये शाळेला इन्स्तितुतो सेर्वांतेसची, म्हणजे स्पॅनिशच्या प्रसारासाठी असलेल्या स्पेनच्या सरकारी संस्थेची, मान्यता आहे का हे आधीच तपासा, त्याचा संबंध पुढे व्हिसाशीही येतो. तिथे सरकारी भाषा-शाळाही असतात, फी खूप कमी, पण कोर्स वर्षभराचे आणि ॲडमिशन ठरावीक दिवसांतच, त्यामुळे मोठ्या मुक्कामाला जाणाऱ्यांनीच त्यांच्या मागे लागावं. सगळ्या महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, आधी चार आठवडे भरा आणि पटलं तर तिथेच वाढवा. व्हिसासाठी पूर्ण कोर्सची पावती दाखवावी लागत असेल तर मात्र इलाज नाही, मग व्हिसा नाकारला गेला तर पैसे परत मिळतात का हे लेखी घ्या.

व्हिसा आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे पण इथेच सगळं अडतं. स्पेनमध्ये ९० दिवसांपर्यंतचा कोर्स हा शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाच्या, शॉर्ट स्टेमध्ये बसतो, त्यासाठी व्हिसा लागतो की नाही हे पासपोर्टवर अवलंबून. ९० दिवसांच्या वर स्टुडंट व्हिसा. त्यासाठी फुल टाइम कोर्स लागतो, भाषेच्या बाबतीत तो आठवड्याला किमान २० तासांचा धरला जातो, खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतं, तो आकडा इप्रेम नावाच्या सरकारी निर्देशांकावर ठरतो, २०२३ पासून हा निर्देशांक महिन्याला ६०० युरो आहे, आणि स्पेनमध्ये काम करायची परवानगी असलेल्या कंपनीचा पूर्ण हेल्थ इन्शुरन्स. १८० दिवसांच्या वर राहायचं असेल तर पोलिसांचा दाखला आणि मेडिकल सर्टिफिकेटही, पोलिसांच्या दाखल्यावर अपॉस्टील (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) हवं आणि स्पॅनिश भाषांतरही. अपॉस्टील आणि भाषांतरालाच कधीकधी महिना जातो, म्हणून किमान चार महिने आधी सुरुवात करा. सहा महिन्यांच्या वर राहणाऱ्यांनी पोहोचल्यापासून एका महिन्यात ओळखपत्र काढायला लागायचं, त्याच्या अपॉइंटमेंट मोठ्या शहरांत पटकन मिळत नाहीत.

स्पेनचे परदेशी लोकांबद्दलचे नवे नियम २० मे २०२५ पासून लागू झालेत. त्यात कॉलेज-विद्यापीठात शिकणाऱ्यांना आठवड्याला ३० तासांपर्यंत काम करता येतं, पण नुसत्या भाषेच्या कोर्सवर जाणाऱ्याने हीच सवलत आपल्याला आहे असं गृहीत धरू नये. पार्ट टाइम काम करून खर्च काढू हा हिशोब बजेटमध्ये लिहायचाच नाही. तसंच, शिक्षणानंतर नोकरी शोधायला थांबायची जी परवानगी आहे ती उच्च शिक्षण पूर्ण करणाऱ्यांसाठी आहे, भाषेच्या सर्टिफिकेटवर ती मिळत नाही. एजंट हे तोंडी वेगळं सांगतात, तेव्हा वकिलातीची वेबसाइट स्वतः उघडा.

मेक्सिकोत १८० दिवसांपर्यंतचा कोर्स व्हिजिटर म्हणून करता येतो, पण दिवस किती द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, सगळ्यांना १८० मिळतातच असं नाही, म्हणून कोर्सचं पत्र आणि परतीचं तिकीट हातात ठेवा. ग्वातेमालात मिळणारे ९० दिवस हे होंदुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा धरून चार देशांचे मिळून असतात, त्यामुळे शेजारी जाऊन आलो की मोजणी नव्याने सुरू होईल ही समजूत चुकीची.

पोहोचल्यावर दिवस कसा घालवायचा

वर्ग सकाळी नऊ ते एक-दोन. त्यानंतर जे दहा तास उरतात, खरी लेव्हल तिथे वाढते, आणि तेच लोक वाया घालवतात, आपल्याच देशातले चार जण गाठून. पहिला महिना तरी एखाद्या कुटुंबात राहा. स्पेनमध्ये रात्रीचं जेवण नऊ-साडेनऊला, टीव्हीवर बातम्या चालू, आजी एकीकडे बोलतेय, मुलगा दुसरीकडे, तुम्हाला मधेच काहीतरी विचारतात आणि तोपर्यंत विषय बदललेला असतो. हीच प्रॅक्टिस. दुसऱ्या महिन्यापासून स्थानिक मुलांबरोबर फ्लॅट शेअर करा, बुकिंग करताना विचारा की फ्लॅटमध्ये आपसात कोणती भाषा बोलतात.

दुसरं, फोन करा. समोरासमोर बोलताना हात, चेहरा, बोट दाखवणं यावर निम्मं निभावून जातं, फोनवर त्यातलं काहीच नसतं, आणि सपोर्टची नोकरी फोनवरच असते. रोज एक कॉल ठरवून करा: खोली भाड्याने आहे का, डेंटिस्टची वेळ मिळेल का, पार्सल कुठे अडकलंय. पार्सलचा कॉल तर सगळ्यात उत्तम, कारण ट्रॅकिंग नंबर, पत्ता, स्पेलिंग, होल्डवर थांबा, पुन्हा सांगा, हे सगळं एकाच कॉलमध्ये येतं आणि नोकरीत तुम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून हेच करणार असता. कॉलच्या आधी तीन वाक्यं कागदावर, कॉलनंतर न कळलेले शब्द वहीत.

तिसरं, तुमच्या क्षेत्राची वही वेगळी ठेवा. बिल, मुदत, कोटेशन, तक्रार, डिलिव्हरी, हमी, असे शब्द शाळेच्या पुस्तकात शेवटी कुठेतरी येतात. त्या क्षेत्रातल्या कंपन्यांच्या स्पॅनिश वेबसाइटवरचे नियम-अटी, तक्रारीचे फॉर्म वाचा, कंटाळवाणं आहे पण तीच भाषा उद्या मेलमध्ये लिहायचीय. शिक्षकाला सांगा की मला निबंध नको, मला औपचारिक मेल तपासून द्या. चांगले शिक्षक खुश होतात.

इंटर्नशिप मिळाली तर सोन्याहून पिवळं. स्पेनमध्ये त्यासाठी शिक्षणसंस्था आणि कंपनी यांच्यात करार लागतो, त्यामुळे नुसतं कंपनीत जाऊन विचारलं तर नाही म्हणतात, तुमच्या कॉलेजला किंवा तिथल्या संस्थेला आधी मधे घ्या.

कोणती परीक्षा

डेले हे स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या नावाने सेर्वांतेस देतं, एकदा पास झालात की आयुष्यभर चालतं. त्यात तुम्ही लेव्हल आधी निवडता आणि निकाल पास किंवा नापास. बी२ला वाचनाला ७० मिनिटं, ऐकण्याला ४०, लिहायला ८०, आणि बोलायची परीक्षा २० मिनिटांची, तयारीला आधी २० मिनिटं. वाचन-लेखन हा एक गट आणि ऐकणं-बोलणं दुसरा, दोन्हीत वेगवेगळे ५० पैकी ३० लागतात, म्हणजे लेखनात भरपूर मिळवून ऐकण्यातली उणीव भरून निघत नाही. निकालाला दोन-तीन महिने लागतात.

सिएले ही २०१६ मध्ये आलेली कॉम्प्युटरवरची परीक्षा, सेर्वांतेस, ऊनाम, सालामांका आणि ब्वेनोस आयरेस विद्यापीठ मिळून घेतात. नापास नाही, १,००० पैकी मार्क आणि त्यावरून लेव्हल, सी१पर्यंत. निकाल तीन आठवड्यांत, सर्टिफिकेट पाच वर्षं चालतं. माझा सल्ला: अर्ज लगेच करायचे असतील तर सिएले, सहा महिने हातात असतील तर डेले बी२. आणि परीक्षा परत येण्याआधी, तिथे असतानाच द्या. परतल्यावर महिना-दीड महिना नुसता गेला की कान लगेच मंदावतो.

अर्ज आणि इंटरव्ह्यू

सीव्हीवर स्पॅनिश: गुड, असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. लेव्हल, परीक्षेचं नाव आणि वर्ष लिहा, आणि खाली एका ओळीत तिथे स्पॅनिशमध्ये प्रत्यक्ष काय केलं ते: कुठल्या क्षेत्रात इंटर्नशिप, काय भाषांतर केलं, कुठे शिकवलं. सीव्हीची स्पॅनिश प्रत तिथल्याच शिक्षकाकडून तपासून घेऊन ठेवा. अर्ज करायला परत यायची वाट बघू नका, शेवटच्या महिन्यातच सुरू करा, तेव्हा तुमची जीभ सगळ्यात सैल असते.

पहिला राउंड बहुतेक वेळा फोनवर, न सांगता, आणि दोन मिनिटं इंग्रजीत बोलून समोरचा एकदम स्पॅनिशवर जातो. स्वतःची ओळख पाठ केलेली सगळ्यांचीच असते, त्यामुळे ते लगेच प्रश्न फिरवतात: ग्राहक चिडलाय, माल चुकीचा गेलाय, काय सांगाल? अशा पाच-सहा प्रसंगांची तोंडी तयारी करा. आणि प्रश्न कळला नाही तर इंग्रजीत सॉरी म्हणू नका, स्पॅनिशमध्येच शांतपणे पुन्हा विचारा, कारण कामावर बसल्यावर लाइन खराब असताना तुम्ही काय करता हेच त्यांना तिथे बघायचं असतं.